१४२८५७ चे अंक फिरतात, ते का?

विचारलेला प्रश्न असा आहे: १४२८५७ या संख्येला २, ३, ४, ५ किंवा ६ ने गुणले की तेच सहा अंक त्याच क्रमाने, फक्त वेगळ्या ठिकाणाहून सुरू होऊन, पुन्हा येतात आणि ७ ने गुणले की मात्र एकदम ९९९९९९ मिळतात; हे कशामुळे घडते, या संख्येत आणखी काय आहे, आणि अशी दुसरी एखादी संख्या आहे का? संख्या सिद्धांत शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे आणि मला तो फार आवडतो, कारण गुणाकारापलीकडे काहीही न येणाऱ्या मुलाला तो समजतो आणि त्याचा माग काढत गेले तर आजही न सुटलेल्या एका प्रश्नापर्यंत पोहोचता येते.

आधी गुणाकार डोळ्यांसमोर ठेवावेत. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५ आणि सहापट ८५७१४२. हे सहा अंक एका वर्तुळावर घड्याळाच्या दिशेने लिहिले, तर प्रत्येक उत्तर म्हणजे त्याच वर्तुळाची एक पूर्ण फेरी असते. बदलते ती फक्त सुरुवात. बहुतेक लेखांत एवढे दाखवून संख्येला ‘अद्भुत’ म्हटले जाते आणि विषय संपतो. माझ्या मते खरा विषय इथून सुरू होतो, कारण दिसतात ते अंक असले तरी सगळे काम पडद्यामागे राहणाऱ्या बाक्या करत असतात.

त्या बाक्या पाहण्यासाठी १ ला ७ ने भागावे, शाळेत भागतो तसेच, पण लक्ष भागाकारावर न ठेवता दर पायरीला उरणाऱ्या बाकीवर ठेवावे. १ पुढे शून्य घेतले की १० होतात. त्यात ७ एकदा जातो आणि बाकी ३ उरते. ३० मध्ये ७ चार वेळा जातो, बाकी २. २० मध्ये दोन वेळा, बाकी ६. ६० मध्ये आठ वेळा, बाकी ४. ४० मध्ये पाच वेळा, बाकी ५. ५० मध्ये सात वेळा, बाकी १. ज्या १ पासून निघालो तोच १ पुन्हा हाती आला, म्हणजे यापुढे सर्व पायऱ्या जशाच्या तशा पुन्हा घडणार. म्हणून एक सप्तमांशाचे दशांश रूप ०.१४२८५७१४२८५७… असे अखंड आवर्ती आहे. बाक्यांचा क्रम १, ३, २, ६, ४, ५ असा आहे आणि त्यांच्या शेजारी पडलेले भागाकाराचे अंक १, ४, २, ८, ५, ७ असे आहेत.

आता दोन सप्तमांश काढायचे असतील तर नवा भागाकार करावाच लागत नाही. त्या भागाकाराची सुरुवात २ या बाकीपासून होते, आणि २ ही बाकी आपल्या क्रमात तिसऱ्या जागी आधीच येऊन गेलेली आहे. तिथून पुढे वाचत गेले की २८५७१४ मिळते. तीन सप्तमांश ३ या बाकीपासून, म्हणजे दुसऱ्या जागेपासून सुरू होतात, म्हणून ४२८५७१. अशा रीतीने १ ते ६ यांपैकी कोणताही अंश घेतला तरी तो या एकाच चक्रात कुठे ना कुठे बसलेला असल्यामुळे अंकांचा क्रम मोडण्याचा प्रश्नच येत नाही. अपूर्णांकांवरून पूर्ण संख्येकडे येणे सोपे आहे. ९९९९९९ ला ७ ने भागले की बरोबर १४२८५७ येतात, म्हणून १४२८५७ ची तिप्पट म्हणजे तीन सप्तमांशांच्या आवर्तनातील सहा अंकच होत. सातपटीला ९९९९९९ का येतात याचे उत्तरही याच ओळीत आले.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, आणि १ ला ७ ने भागताना त्या सहाही बाक्या एकेकदा येऊन जातात. हे आपोआप घडत नसते. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेल्या सिद्धांतानुसार सहा पायऱ्यांनंतर बाकी १ व्हायलाच हवी, कारण ७ ही मूळ संख्या आहे आणि १० ला ७ ने भाग जात नाही. पण तो सिद्धांत बाकी त्याआधी, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीला, १ होण्याला मनाई करत नाही. १० आणि ७ या जोडीच्या बाबतीत चक्र आधी बंद होत नाही, आणि १४२८५७ चे सगळे वैशिष्ट्य या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

७ च्या पुढच्या संख्यांनी गुणले तर काय होते, हे फारसे कोणी करून पाहत नाही. १४२८५७ ला ८ ने गुणले की ११४२८५६ येतात; शेवटचे सहा अंक वेगळे काढून उरलेला १ त्यात मिळवला की १४२८५६ + १ = १४२८५७. मोठा गुणक घेऊ. ३६५ ने गुणले तर ५२१४२८०५ येतात, आणि ५२ + १४२८०५ = १४२८५७. कारण असे की गुणक ७ ने भागला तर काही भागाकार आणि काही बाकी मिळते. भागाकाराच्या भागातून ९९९९९९ ची तितकी पट तयार होते, आणि बाकीच्या भागातून आपल्या वर्तुळाची एखादी फेरी. सहाव्या जागेपलीकडचे अंक खाली आणून मिळवणे म्हणजे ९९९९९९ ची ती पट वजा करणे, कारण दहा लाख हे ९९९९९९ पेक्षा एकाने मोठे आहेत. ३६५ ला ७ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून १४२८५७ हीच संख्या परत आली. गुणक ७ च्या पटीत असेल तर या घडीतून, म्हणजे वरचे अंक खाली आणून मिळवण्यातून, नेहमी ९९९९९९ निघतात. गुणक फार मोठा असेल तर ही घडी एकापेक्षा अधिक वेळा घालावी लागते, इतकेच.

आता अंकांच्या आतल्या रचनेकडे येतो. संख्येचे मधोमध दोन तुकडे केले तर १४२ + ८५७ = ९९९ होतात; अंकागणिक पाहिले तर १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७ या प्रत्येक जोडीची बेरीज ९ आहे. बाक्यांत पाहावे: तिसऱ्या पायरीनंतर बाकी ६ झाली होती, म्हणजे ७ ला एक कमी. त्यापुढच्या प्रत्येक बाकीची तीन जागा आधीच्या बाकीशी बेरीज ७ होते: १ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५. एक सप्तमांश आणि सहा सप्तमांश मिळून पूर्ण एक होतो, आणि ०.९९९… या रूपातला तो एक अंकाअंकांत वाटला गेला की प्रत्येक जोडीला ९ मिळतात. कोणत्याही मूळ संख्येच्या आवर्तनाची लांबी सम असेल तर हेच घडते. हा निष्कर्ष १८३६ मध्ये मिदी या फ्रेंच गणितज्ञांनी प्रसिद्ध केला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दोन-दोन अंकांचे तीन तुकडे केले तर १४ + २८ + ५७ = ९९. हे वाचून पुष्कळ जण समजतात की चक्रातील प्रत्येक संख्येला हा नियम लागू आहे. तो तसा नाही. तिप्पट घेतली तर ४२ + ८५ + ७१ = १९८ येतात. एकदम दोन अंक पुढे जाणे म्हणजे बाकीला १०० ने गुणणे, आणि १०० ला ७ ने भागल्यावर २ उरतात, म्हणून बाकी दर वेळी दुप्पट होते: १, २, ४ आणि पुन्हा १. या तिघांची बेरीज ७, म्हणून ९९ एकदा. उरलेल्या ३, ६, ५ यांची बेरीज १४, म्हणून ९९ दोनदा. सहा बाक्यांचे असे दोन गट पडतात, आणि पहिल्या गटात नेमक्या त्याच बाक्या आहेत ज्या पूर्ण वर्गांना ७ ने भागल्यावर (शून्य सोडून) मिळतात. साध्या बेरजेमागे वर्गशेषांचा, म्हणजे वर्गांपासून मिळणाऱ्या अशा बाक्यांचा, विषय असा शांतपणे बसलेला असतो.

याच तुकड्यांबद्दल आणखी एक सुंदर निरीक्षण आहे. १४ ची दुप्पट २८, त्याची दुप्पट ५६. मग संख्येत ५७ कुठून आले? एक सप्तमांश म्हणजे अठ्ठ्याण्णवांश चौदा, आणि ९८ हे १०० ला दोन कमी, त्यामुळे ०.१४, ०.००२८, ०.००००५६, ०.०००००११२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या पदांची न संपणारी बेरीज करत गेलो की एक सप्तमांश मिळतो. ११२ मधला १ हातचा म्हणून डावीकडे सरकतो आणि ५६ चे ५७ करतो.

भूमितीतला एक गुणधर्म मला विशेष प्रिय आहे. चक्रातील शेजारच्या अंकांच्या जोड्या करून (१, ४), (४, २), (२, ८), (८, ५), (५, ७), (७, १) हे सहा बिंदू आलेखावर मांडले तर ते सहाही एकाच लंबवर्तुळावर पडतात. त्याचे समीकरण १९क्ष² + ३६क्ष·य + ४१य² − ३३३क्ष − ५३१य + १६३८ = ० असे आहे; कोणताही बिंदू घालून ताळा पाहता येईल. उदाहरणार्थ पहिल्या बिंदूसाठी १९ + १४४ + ६५६ − ३३३ − २१२४ + १६३८ म्हणजे बरोबर शून्य. शांकव (शंकू कापल्यावर मिळणारा वक्र; लंबवर्तुळ हा त्याचाच एक प्रकार) निश्चित करायला पाच बिंदू पुरतात, तेव्हा सहावा बिंदूही त्यावरच यावा हा वरवर पाहता मोठा योगायोग वाटतो. पण नऊच्या जोड्यांचा गुणधर्म आठवला की योगायोग उरत नाही. (१, ४) ची जोडी (८, ५) शी, (४, २) ची (५, ७) शी आणि (२, ८) ची (७, १) शी लागते, आणि प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू एकच, (४.५, ४.५), येतो. ज्या शांकवाचे केंद्र आधीच ठरलेले आहे त्याच्या समीकरणात तीनच गुणांक ठरवायचे राहतात, आणि प्रत्येक जोडीतला एक असे तीन बिंदू ते ठरवायला पुरेसे असतात. उरलेले तीन सममितीने आपोआप त्यावर येतात. ते शांकव लंबवर्तुळ निघाले हे मात्र आकडे घालूनच कळते: ३६ चा वर्ग १२९६ हा ४ × १९ × ४१ म्हणजे ३११६ पेक्षा लहान आहे.

संख्येचा वर्ग करून पाहावा. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. शेवटचे सहा अंक वेगळे केले की २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग पडतात, आणि त्यांची बेरीज १४२८५७. वर्गाचे दोन भाग करून बेरीज केल्यावर ज्या संख्या स्वतःलाच परत मिळतात त्यांना कापरेकर संख्या म्हणतात. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर अशा संख्यांचा जो ध्यास घेतला त्याची आठवण हे नाव जपून ठेवते. आपल्या संख्येच्या बाबतीत याची सिद्धता दोन ओळींची आहे. संख्येतून १ वजा केला की १४२८५६ राहतात आणि त्याला ७ ने भाग जाऊन २०४०८ येतात. म्हणून वर्ग वजा ती संख्या = १४२८५७ × १४२८५६ = १४२८५७ × ७ × २०४०८ = ९९९९९९ × २०४०८. वर्गातून १४२८५७ वजा केल्यावर उरणारी संख्या ९९९९९९ ची पूर्ण पट आहे, याचाच अर्थ वर वापरलेली सहा अंकांची घडी वर्गावर घातली की १४२८५७ परत येतात. दहा लाखांतून १४२८५७ वजा करून मिळणारे ८५७१४३ हेही याच कारणाने कापरेकर संख्या आहे; तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९, आणि ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३.

कापरेकरांनीच ज्यांना हर्षद संख्या हे नाव दिले, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्यांना निःशेष भाग जातो, त्यांच्यातही १४२८५७ मोडते. अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. चक्रातल्या इतर पाच संख्यांचे अंक तेच असल्याने त्यांचीही बेरीज २७, आणि त्या साऱ्या १४२८५७ च्याच पटी असल्याने सहाही संख्या हर्षद ठरतात.

आता मूळ अवयव. ९९९९९९ = ९९९ × १००१; यांतील ९९९ = ३ × ३ × ३ × ३७ आणि १००१ = ७ × ११ × १३. एक ७ काढून घेतला की १४२८५७ = ३³ × ११ × १३ × ३७ राहते. त्यावरून तिला एकूण ३२ विभाजक आहेत. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ११२५०३ येते, जी संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ती परिपूर्ण संख्यांच्या (ज्यांच्या बाबतीत ही बेरीज संख्येइतकीच येते) जवळपासही नाही. या बाबतीत सांगण्यासारखे एवढेच आहे.

इथे एक भेद स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. अवयव आणि विभाजक हे त्या संख्येचे स्वतःचे गुण आहेत. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. अंकांचे फिरणे, नऊच्या जोड्या, वर्गाचे दोन भाग हे सारे मात्र दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे दिसते. एक सप्तमांश द्विमान, म्हणजे दोनाच्या पायावरच्या, पद्धतीत लिहिला तर ००१ एवढेच तीन अंक पुन्हापुन्हा येतात, कारण २, ४, ८ यांना ७ ने भागताना तिसऱ्याच पायरीला बाकी १ होते. आठांच्या पायावर तर नुसताच १ पुन्हापुन्हा येतो. तीनाच्या पायावर मात्र ०१०२१२ असे सहा अंकांचे पूर्ण चक्र मिळते, आणि त्यातील बाक्यांचा क्रम पुन्हा १, ३, २, ६, ४, ५ असाच असतो, कारण ७ च्या दृष्टीने १० आणि ३ यांत काहीच फरक नाही. म्हणून संख्येभोवती गूढ अर्थ गुंफले जातात तेव्हा मी विद्यार्थ्यांना तीनाच्या पायावर एकदा भागाकार करायला सांगतो. अंक बदलतात, बाक्यांचे चक्र तसेच राहते, आणि लक्ष आपोआप योग्य ठिकाणी वळते.

शेवटचा भाग, अशा दुसऱ्या संख्यांचा. १७ ने भागताना सोळाही बाक्या येतात आणि ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंकांचे चक्र मिळते. त्याची दुप्पट ११७६४७०५८८२३५२९४ आहे, म्हणजे तेच वर्तुळ. १९ पासून ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे अठरा अंकांचे चक्र येते. १३ मात्र फसवते. त्याचे आवर्तन ०७६९२३ असे सहाच अंकांचे आहे आणि ते १, ३, ४, ९, १०, १२ या पटींनाच फिरते. दुप्पट केली की १५३८४६ हे दुसरेच वर्तुळ सुरू होते, कारण बारा बाक्या सहा-सहाच्या दोन वेगळ्या चक्रांत वाटल्या गेल्या आहेत. १०० च्या आत पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. यांतील ७ सोडून बाकी सर्वांचे चक्र शून्याने सुरू होते, कारण १० पेक्षा मोठ्या छेदाचा एकांश ०.१ पेक्षा लहानच असणार. आणि १० पेक्षा लहान मूळ संख्यांत २ आणि ५ यांचे दशांश संपून जातात, तर ३ ची दुसरी बाकी चक्रात येतच नाही. म्हणून डावीकडे शून्य न लिहिता ज्याला सरळ पूर्ण संख्या म्हणता येईल असे चक्र या कुळात एकच, १४२८५७.

अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०१ च्या आपल्या ग्रंथात आवर्ती दशांशांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये, एखाद्या पायावर पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या किती असाव्यात याबद्दल, अटकळ मांडली, आणि ती १० ला लावली तर अशा मूळ संख्या अनंत असून सर्व मूळ संख्यांतले त्यांचे प्रमाण सुमारे ३७.४ टक्के यायला हवे. १०० च्या आत पंचवीस मूळ संख्यांपैकी नऊ, म्हणजे ३६ टक्के, त्याच्या बरेच जवळ आहेत. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये ही अटकळ सिद्ध केली, पण मूळ संख्यांच्या वाटपाविषयीच्या, अजून सिद्ध न झालेल्या, रीमान यांच्या गृहीतकाचे व्यापक रूप खरे मानून. रॉजर हीथ-ब्राउन यांनी १९८६ मध्ये कोणतेही गृहीतक न वापरता दाखवले की पाया म्हणून १० च्या जागी मूळ संख्या घेतल्या तर अनंतत्वाच्या अटकळीला अपवाद फार तर दोन असू शकतात, म्हणजे २, ३ आणि ५ यांपैकी निदान एकीसाठी तरी ती खरी आहे. त्या तिघांपैकी नेमकी कोणती, हे त्या सिद्धतेतून कळत नाही, आणि १० चा प्रश्न तर मुळातच तिच्या कक्षेबाहेर राहतो.